जोसेफ राइटचा बोलीकोश: साक्षीदार पाच, की एकच?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता होता. मला तो फार आवडायचा. इंग्लंडच्या कोणत्या काउंटीत किती जुने बोलीशब्द टिकून होते, ते त्यात रंगीत खांबांनी दाखवलं होतं. यॉर्कशायरचा खांब सगळ्यांत उंच होता आणि दक्षिणेकडचे काही खांब अगदीच बुटके. सगळी माहिती एकाच ग्रंथातून घेतलेली, आणि तोही साधासुधा नाही: जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश. आमच्या गाइड मॅडमनी तक्ता बघितला आणि विचारलं, "हे यॉर्कशायरमधले शब्द मोजलेत, की यॉर्कशायरमधून आलेले कागद?"

मला उत्तर देता आलं नाही. तक्ता काढावा लागला, आणि त्यावर उभं केलेलं अर्धं प्रकरणही गेलं. त्यानंतरचे काही महिने मी तो कोश पहिल्यापासून वाचला. आधी मी त्यात फक्त शब्द शोधत होते, या वेळी तो कसा तयार झाला ते शोधलं. आजचा लेख म्हणजे त्या वाचनातून झालेलं कोशाचं परीक्षण. पेट देऊन बसलेल्या, सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या मित्रमैत्रिणींना त्याचा उपयोग व्हावा. विषय इंग्रजी बोलींचा असला तरी अडचण कुठल्याही जुन्या साधनग्रंथाची आहे.

कोश आणि कोशकार

आधी थोडी ओळख करून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये एक भीती पसरली होती. रेल्वे गावोगाव पोचली होती. १८७० च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा विस्तार सुरू झाला होता. आता मुलं शाळेतलं इंग्रजी बोलणार आणि आजीचे शब्द तिच्याबरोबरच जाणार, असं अभ्यासकांना वाटू लागलं. १८७३ साली वॉल्टर स्कीट यांच्या पुढाकाराने इंग्लिश डायलेक्ट सोसायटी स्थापन झाली ती याच काळजीपोटी. सोसायटीने ठिकठिकाणच्या शब्दसूची छापल्या, चिठ्ठ्या जमवल्या, आणि एका मोठ्या कोशाची तयारी झाल्यावर १८९६ मध्ये काम थांबवलं. कोशाचं संपादन जोसेफ राइट यांच्याकडे आलं.

राइट हे विलक्षण प्रकरण आहे. जन्म १८५५ चा, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. सहा-सात वर्षांचं पोर असतानाच आधी दगडाच्या खाणीवर आणि मग सॉल्टेअरच्या कापडगिरणीत कामाला लागले. पंधरा वर्षांचे होईपर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. पुढे रात्रशाळा, मग जर्मनीत हायडलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि शेवटी ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक. १८९२ मध्ये त्यांनी आपल्याच विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण लिहिलं. १८९८ ते १९०५ या काळात बोलीकोशाचे सहा खंड निघाले. छपाईचा आर्थिक धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता. सुमारे एक लाख शब्द आणि पाच लाख अवतरणं असा या कामाचा आवाका सांगितला जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, म्हणजे मागच्या दोनशे वर्षांत, वापरात असलेला प्रत्येक बोलीशब्द घ्यायचा, असा त्यांचा संकल्प होता.

म्हणजे ज्याची बोली शाळेत हिणवली गेली असती, अशा गिरणीकामगाराने त्या बोलीला ऑक्सफर्डच्या छापखान्यात नेऊन बसवलं. या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. अडचण तिथेच सुरू होते. आदर वाटला की आपण प्रश्न विचारणं सोडून देतो.

नोंद उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश बहुतेकांनी पाहिलेला असतो. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्यातली प्रत्येक नोंद काळाच्या क्रमाने चालते. सर्वांत जुनं अवतरण आधी, नवं शेवटी. वरून खाली वाचत गेलं की शब्दाचं वय कळत जातं.

राइट यांच्या कोशात असं होत नाही. तिथे एकेका अर्थाखालची अवतरणं भूगोलाच्या क्रमाने लावलेली आहेत. आधी स्कॉटलंड, मग आयर्लंड, मग इंग्लंडचा उत्तर भाग, आणि तिथून हळूहळू खाली कॉर्नवॉलपर्यंत. बोलीकोशाला हा क्रम शोभतोच. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. अठराव्या शतकातलं एक स्कॉटिश अवतरण आणि १८९० च्या सुमाराला कुणा पत्रलेखकाने कळवलेलं डेव्हनमधलं वाक्य एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसतात. वाचणाऱ्याला वाटतं, हा शब्द एकाच वेळी सगळीकडे बोलला जात होता. दोनशे वर्षं एका पानावर दाबून चपटी होतात.

त्यातून बऱ्याच ठिकाणी सालच दिसत नाही. छापील शब्दसूचीतून घेतलेल्या माहितीपुढे काउंटीचं संक्षिप्त नाव आणि वर एक बारीक आकडा असतो. तो आकडा कोणत्या सूचीचा, ती सूची कधीची, हे साधनांच्या यादीत जाऊन बघावं लागतं. मी तक्ता करताना तिकडे फिरकलेच नव्हते. नोंदीत काउंटीचं नाव दिसलं की एक गुण देऊन मोकळी होत होते.

यातून किती मोठी चूक होऊ शकते, त्याचं एक उदाहरण घेऊ. 'स्टार्व्ह' हा शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहे: उपाशी राहणं, भुकेने मरणं. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'मरणं' एवढाच होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद शब्द आजही त्याच अर्थाने आहे. पुढे प्रमाण इंग्रजीत अर्थ भुकेकडे सरकला, तर उत्तर इंग्लंडमध्ये थंडीकडे. तिथली आजी नातवाला 'स्टार्व्ह्ड' म्हणाली तर पोर उपाशी आहे असं नाही, ते गारठलं आहे. आता समजा, तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात आणि उत्तरेकडच्या गरीब कुटुंबांनी मदतीसाठी केलेले जुने अर्ज वाचताय. त्यात हा शब्द आला. त्या घरात धान्य नव्हतं की सरपण नव्हतं? एका शब्दावर सगळं वाक्य फिरतं.

अशा वेळी बोलीकोश हाताशी हवाच. पण तोही जपून वापरायचा, कारण थंडीचा हा अर्थ पूर्वी फक्त उत्तरेचा नव्हता. एकेकाळी तो इंग्रजीत बराच पसरलेला होता. बाकीच्यांनी सोडला आणि उत्तरेने ठेवला, म्हणून तो 'उत्तरेचा' झाला. नाजूक, थंडी सहन न होणारा या अर्थाच्या 'नेश' शब्दाची गोष्टही अशीच आहे. जुन्या इंग्रजीत तो सर्वसाधारण शब्द होता, नंतर मागे हटत हटत मुख्यतः मध्य इंग्लंड आणि आसपासच्या बोलींत उरला. 'प्रादेशिक' हा शब्दाचा कायमचा पत्ता नसतो, त्याच्या आयुष्यातला तो एक टप्पा असतो. राइट यांच्या नोंदीत दिसतो तो बहुधा शेवटचा टप्पा. १९०० च्या पत्त्यावर १७०० चं पत्र टाकलं तर ते चुकीच्या घरी जाणारच.

एकाच साक्षीदाराची पाच नावं

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. एखाद्या शब्दाखाली पाच साधनांचे उल्लेख दिसले की आपण म्हणतो, पुरावा भक्कम आहे. पण ही पाच साधनं एकमेकांना ओळखत होती का, हे कोण बघणार?

इंग्रजी बोलीशब्दांच्या सूचींची वंशावळ साधारण अशी आहे. निसर्ग-अभ्यासक जॉन रे यांनी वनस्पती शोधत फिरताना शब्दही गोळा केले आणि १६७४ मध्ये सर्वसाधारण वापरात नसलेल्या शब्दांचा संग्रह छापला. १६९१ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. नेथन बेली यांनी १७२१ च्या आपल्या कोशात बोलीशब्दांना जागा दिली, त्यातले कितीतरी रे यांच्याकडचे. फ्रान्सिस ग्रोज यांनी १७८७ मध्ये प्रादेशिक शब्दांचा कोश काढला, त्यातही रे यांचा संग्रह सामावलेला. १८४७ मध्ये जेम्स हॅलिवेल यांनी जुन्या आणि प्रांतिक शब्दांचा कोश केला, तोही आधीच्या सूचींवर उभा. आणि राइट यांनी या सगळ्यांचा उपयोग केला.

म्हणजे एखादा शब्द रे यांनी सतराव्या शतकात एका गावात एकदा ऐकला असेल. किंवा नीट ऐकलाच नसेल, कुणीतरी पत्रातून कळवला असेल. तो शब्द बेलींकडे गेला, ग्रोजकडे गेला, हॅलिवेलकडे गेला. दोनशे वर्षांनी नोंदीत त्याची तीन-चार नावं लागली. वाचणाऱ्याला दिसतं, १६९१ पासून १८४७ पर्यंत सलग वापर. प्रत्यक्षात एकच माणूस एकदाच बोलला आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकून सांगितलं. आपल्याकडे गावात एक बातमी चार तोंडांनी परत आपल्याकडेच येते आणि मग आपलाच तिच्यावर विश्वास बसतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. प्रत्येक उल्लेखासमोर दोन रकाने करायचे: हा स्वतंत्रपणे ऐकलेला आहे का, आणि नसेल तर कुणाकडून उचललेला. व्याख्येतले शब्द जसेच्या तसे जुळत असतील, उदाहरण तेच असेल, चूकही तीच असेल, तर उसनवारी पकडता येते. मी माझ्या शब्दांवर हे करून पाहिलं तेव्हा भक्कम वाटणाऱ्या कितीतरी नोंदी एका पायावर उभ्या असलेल्या निघाल्या.

जे आलं नाही, ते नव्हतं का?

तिसरा मुद्दा माझ्या तक्त्याचा, म्हणजे मोजण्याचा.

बोलीकोशात काय जातं? प्रमाण भाषेत नसलेला शब्द, किंवा तिथल्यापेक्षा वेगळ्या अर्थाने वापरला जाणारा शब्द. म्हणजे हा फरकांचा कोश आहे. एखाद्या काउंटीतली माणसं दिवसभरात जे हजारो साधे शब्द वापरत, ते यात येणारच नाहीत. त्यामुळे 'अमुक काउंटीच्या बोलीत इतके टक्के जुने शब्द' असं वाक्य या ग्रंथावरून लिहिताच येत नाही. अपूर्णांकातला वरचा आकडा आहे, खालचा नाही.

आणि वरचा आकडा तरी कसा आला? शब्द पाठवणाऱ्यांमुळे. ज्या भागात हौशी सूचीकार होते, तिथून शब्दांच्या राशी आल्या. यॉर्कशायरच्या उत्तर, पूर्व, पश्चिम अशा भागांच्या कितीतरी स्वतंत्र सूची राइट यांच्या हाती होत्या. शिवाय संपादक स्वतः तिथलेच. स्कॉटलंडकडे बर्न्स आणि स्कॉटपासूनचं मोठं छापील साहित्य होतं, म्हणून अवतरणं भरपूर मिळाली. जिथे सूचीकारही नाही आणि बोलीत लिहिणारा लेखकही नाही, ती काउंटी कोशात गप्प दिसते. प्रत्यक्षात ती गप्प नव्हती, तिचं बोलणं टिपायला कुणी बसलं नव्हतं एवढंच.

पाठवणारा कोण, यावर शब्दाचा अर्थही ठरतो. यॉर्कशायरमध्ये 'लेक' असं एक क्रियापद आहे. (आपली लेक नव्हे. हा शब्द नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ खेळणं.) गावचा पाद्री किंवा शाळामास्तर सूची करत असेल, तर तो 'मुलं खेळतात' हा अर्थ हमखास टिपेल. पण गिरणी भागात याच शब्दाचा दुसराही अर्थ होता: काम नसल्यामुळे रिकामं बसणं. गिरणीला काम नाही, म्हणून माणसं 'खेळताहेत'. या अर्थात किती कडवटपणा आहे, तो पाद्र्याच्या कानावर पडेलच असं नाही. राइट स्वतः गिरणीतून आलेले, त्यामुळे असे अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण प्रत्येक काउंटीला असा संपादक कुठून मिळणार?

राइट यांची बाजू

इतकं लिहिल्यावर कुणाला वाटेल, मग हा कोश बाजूला ठेवावा. माझं मत नेमकं उलट झालं आहे. कारण वरचे सगळे आक्षेप मी कोशाच्याच मदतीने घेऊ शकले.

राइट यांनी माहिती देणाऱ्याला लपवलेलं नाही. पत्रलेखकाने कळवलेला शब्द असेल तर कंसात त्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत. जुन्या सूचीतला शब्द असेल आणि त्यांच्या माहीतगारांपैकी कुणालाच तो ठाऊक नसेल, तर तसं त्याच नोंदीत स्पष्ट लिहिलेलं आहे. शब्द लुप्त झालेला की लुप्त होत चाललेला, हा भेदही केलेला आहे. आणि ज्या शब्दांबद्दल पुरेशी माहिती मिळाली नाही, ते त्यांनी कोशात न घेता बाजूला काढले आणि अशा राखून ठेवलेल्या शब्दांच्या याद्या छापल्या. संशोधनात याला फार धीर लागतो. 'हे आमच्याकडे आलंय, पण आमचा अजून विश्वास बसलेला नाही' असं छापून सांगणारा कोशकार वाचणाऱ्याला बरोबरीचा मानतो.

आजची अडचण वेगळीच आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात मॅनफ्रेड मार्कुस यांच्या नेतृत्वाखाली या कोशाची डिजिटल आवृत्ती तयार झाली. काउंटी निवडा, काळ निवडा, शब्दांची यादी समोर. अतिशय उपयोगी काम आहे, ते नसतं तर मला हा विषय घेताच आला नसता. पण शोधपेटीत टाइप करून आलेल्या यादीतून ती आद्याक्षरं, ते बारीक आकडे, ते 'कुणाला ठाऊक नाही' हे शेरे डोळ्यांआड होतात. राइट यांनी ठेवलेल्या खुणा आवृत्तीत आहेत, माझ्या तक्त्यात मात्र त्या उतरल्या नाहीत. दोष साधनाचा नव्हता. मी मोजायची घाई केली.

तीन रीती, तीन मर्यादा

एक तुलना करून संपवते. १९०५ साली बोलीकोशाचं काम पूर्ण झालं. त्याच वर्षी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड निघाला. तिथली रीत वेगळी होती. बायबलमधली उधळ्या पुत्राची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत करून मागवली. त्यामुळे कोकणातला आणि वऱ्हाडातला नमुना शेजारी ठेवून ताडून बघता येतो. पण त्या गोष्टीत जे नाही, ते सापडणार नाही. भाताच्या खाचराचे किंवा मासेमारीच्या जाळ्याचे शब्द त्यात कसे येणार?

इंग्लंडमध्ये पुढे १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांच्या नेतृत्वाखाली बोली-सर्वेक्षण झालं. ३१३ ठिकाणं, तेराशेहून अधिक प्रश्न, आणि सगळीकडे तेच प्रश्न. इथे मोजणी करता येते, कारण 'विचारलं आणि मिळालं नाही' आणि 'विचारलंच नाही' यांतला फरक कळतो. पण माहिती देणारी माणसं प्रामुख्याने खेड्यातली, वयस्क, आणि बहुतेक पुरुष. शहरं, तरुण माणसं, बायका यांचं बोलणं त्यात फारसं नाही.

कुठून काहीही येऊ दे म्हणणारी राइट यांची रीत शब्दांनी श्रीमंत आहे आणि मोजणीला कच्ची. ठरलेले प्रश्न विचारणारी रीत मोजणीला पक्की आहे, पण प्रश्नाबाहेरचं तिला ऐकू येत नाही. तुम्ही उद्या अहिराणीचे किंवा मालवणीचे शब्द गोळा करायला निघालात, तर या दोन्हींतली निवड पहिल्याच दिवशी करावी लागेल. नंतर ती बदलता येत नाही.

माझ्या प्रकरणाचं काय झालं? रंगीत खांब गेले. आता तिथे फक्त बारा शब्द आहेत. प्रत्येकाखाली कुणी ऐकला, कधी ऐकला, कुणी कुणाचं उचललं, ही साखळी मांडली आहे. तीन शब्दांपुढे 'स्वतंत्र पुरावा एकच' असं लिहिलंय. पूर्वी तिथे ऐटीत 'व्यापक वापर' असं लिहिलं होतं. प्रकरण बारीक झालं, पण व्हायवाला कुणी त्या तीन शब्दांबद्दल विचारलं तर आता मला उत्तर देता येईल.

तुमच्या विषयात ज्या एका ग्रंथावर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास आहे, त्यातली कुठलीही एक नोंद आज काढा आणि तिचे साक्षीदार मोजा. पाच निघतात की एकच, ते मला कमेंटमध्ये जरूर कळवा.